कलेचे दान : डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका



सत्कार्यासाठी कलेच्या द्वारे निधी उभारावा, ही कल्पना आपल्या समाजाला नवीन नाही. शाळेची इमारत, वाचनालय, पूरग्रस्तांचे साहाय्य अशा कारणांसाठी नाटकाचा प्रयोग लावावा किंवा गायनाची बैठक ठरवावी आणि तिकिटांचे उत्पन्न त्या कार्याला अर्पण करावे, हा परिपाठ जुना आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि ‘संयुक्त मानापमान’ रंगले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन मातब्बर नाटक मंडळ्यांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य त्या कारणात होते. परंतु अशा उपक्रमांच्या मुळाशी एक प्रश्न नेहमीच असतो. श्रोता तिकीट काढतो ते गाण्यासाठी की कारणासाठी? कारण थोर असले म्हणजे गाणे बेताचे असले तरी चालते काय? आणि ज्याने पैसे मोजून उत्तम गाणे ऐकले, त्याने दान केले असे म्हणावे, की सौदा केला असे म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर आपल्या आचरणातून देणारा एक पुरुष विसाव्या शतकात होऊन गेला. तो वैद्य होता, धर्मशास्त्रज्ञ होता, तत्त्वचिंतक होता, आणि वादकही होता. आफ्रिकेतील अरण्यात त्याने चालविलेल्या रुग्णालयाची कीर्ती सर्वत्र झाली. त्या रुग्णालयाच्या औषधांचा खर्च ज्या अनेक मार्गांनी भागला, त्यांपैकी एक मार्ग त्याच्या बोटांतून आणि पावलांतून निघत होता, ही गोष्ट मात्र तितकी सर्वश्रुत नाही. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या एकल ऑर्गनवादनाच्या ध्वनिमुद्रिका हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या वाद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. संगीत नाटकांमुळे ‘ऑर्गन’ हा शब्द मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. पण नाटकात साथीला असे तो पायांनी भाता चालवून धातूच्या पातळ पट्ट्यांतून सूर काढणारा, हार्मोनियमच्या कुळातला ऑर्गन. युरोपातील मोठ्या चर्चमधला ऑर्गन निराळा. त्यात शेकडो, कित्येक ठिकाणी हजारो नळ्या असतात. काही बोटाएवढ्या, तर काही दोन पुरुष उंचीच्या. त्या नळ्यांतून वारा खेळतो आणि बासरीप्रमाणे किंवा सनईप्रमाणे नाद उमटतो. वादकाच्या हातांखाली पट्ट्यांच्या दोन, तीन, कधी चार ओळी एकावर एक असतात आणि पायांखाली खर्जाच्या लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ असते. दोन हात आणि दोन पाय स्वतंत्रपणे चालावे लागतात. एकटा मनुष्य बसलेला असतो. पण ऐकणाऱ्यास सगळा वृंद वाजत असल्याचा भास होतो.

या वाद्यासाठी सर्वांत मोठी रचना ज्याने केली तो जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख. जन्म १६८५, मृत्यू १७५०. तो चर्चचा नोकरदार वादक होता आणि आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी ‘केवळ ईश्वराच्या गौरवार्थ’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहीत असे. त्याच्या ‘फ्यूग’ नावाच्या रचनेत एक लहानसे स्वरवाक्य प्रथम एकटेच येते. मग दुसरा आवाज तेच वाक्य उचलतो आणि पहिला आपल्या वाटेने पुढे जातो. नंतर तिसरा येतो, चौथा येतो. प्रत्येकाची चाल निराळी, पण कोणी कोणाला झाकत नाही. श्वाइट्झर यांना या संगीताने लहानपणापासून वेड लावले होते.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सेस प्रांतातील काइझर्सबर्ग या गावी झाला आणि बालपण ग्युन्सबाख या खेड्यात गेले. वडील तेथे धर्मोपदेशक होते. आल्सेस त्या वेळी जर्मन साम्राज्यात होता. पुढे तो फ्रान्सकडे गेला. सीमेवरच्या प्रांतातील माणसांना दोन भाषांत जगावे लागते आणि दोन्ही बाजूंचा संशयही सोसावा लागतो, हे या सभेला निराळे सांगावयास नको. श्वाइट्झर यांच्या वाट्याला दोन्ही आले. म्युलहाउस येथे ऑयगेन म्युंख यांच्याकडे त्यांचे ऑर्गनचे शिक्षण झाले आणि १८९३ पासून पॅरिसमध्ये शार्ल-मारी विदोर या श्रेष्ठ वादकाचे शिष्यत्व त्यांना लाभले.

या गुरुशिष्यांची एक हकीकत उद्बोधक आहे. बाखने चर्चमधील सामुदायिक स्तोत्रांच्या चालींवर ऑर्गनसाठी लहान-लहान रचना केल्या आहेत. विदोर यांना त्यांतले काही कल्पनांचे चढउतार उमगत नसत. मध्येच लय का बदलते, स्वर एकाएकी का कोसळतात, याचा उलगडा होत नसे. शिष्याने सांगितले की, या रचनांचा अर्थ मूळ स्तोत्राच्या शब्दांत आहे. शब्द समजले की स्वर समजतात. फ्रेंच गुरूला ती जर्मन स्तोत्रे ठाऊक नव्हती. शिष्य मात्र ती ऐकतच वाढला होता. अभंगाचे शब्द ज्याला ठाऊक नाहीत त्याला भजनातील आळवणीचे मर्म अर्धेच कळावे, तसा हा प्रकार. गुरूने शिष्याला हे सारे लिहून काढावयास सांगितले. त्यातूनच बाखवरील ग्रंथ निर्माण झाला. तो १९०५ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला आणि १९०८ मध्ये त्याची पुष्कळ वाढविलेली जर्मन आवृत्ती निघाली.

याच १९०५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकीचा अभ्यास करून आफ्रिकेत जाण्याचा निश्चय जाहीर केला. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांसाठी जगावे, त्यानंतर प्रत्यक्ष मानवसेवा करावी, असे त्यांनी एकविसाव्या वर्षीच मनाशी ठरविले होते. आप्त आणि मित्र अस्वस्थ झाले. विदोर यांनाही हा वेडेपणा वाटला. विद्यापीठात अध्यापन चालू होते, व्यासपीठावर प्रवचने होत होती, पॅरिसच्या बाख सोसायटीत वादक म्हणून मान होता. हे सारे टाकून विद्यार्थ्यांच्या बाकावर पुन्हा बसावयाचे! पण ते बसले. १९११ साली वैद्यकीची राज्यपरीक्षा दिली तेव्हा तिचे शुल्क त्यांनी म्युनिक येथील संगीत महोत्सवात विदोर यांच्या एका रचनेत ऑर्गन वाजवून मिळविले होते. कलेच्या कमाईतून वैद्यकीची किंमत चुकविण्याचा क्रम येथपासूनच सुरू झालेला दिसतो.

आफ्रिकेत पाठविणाऱ्या पॅरिसच्या मिशन संस्थेला त्यांची धर्ममते पसंत नव्हती. त्यांनी संस्थेला सांगितले की, आपला आणि रुग्णालयाचा खर्च आपणच उभा करू आणि तेथे धर्मोपदेश न करता केवळ वैद्यकी करू. मग घरोघर जाऊन निधी गोळा करणे आले. ज्यांनी त्यांचे व्याख्याते आणि वादक म्हणून स्वागत केले होते त्यांच्याच दारी याचक म्हणून उभे राहिल्यावर काही ठिकाणी स्वर कसा बदलतो, याचा अनुभव त्यांना आला. तरीही स्ट्रासबर्गच्या प्राध्यापकांनी, रुग्णालय फ्रेंच वसाहतीत असूनही, सढळ हाताने दिले; आणि बाख सोसायटीने मदतीसाठी मैफल केली.

येथे पुढील कथेचे बीज आहे. आफ्रिकेस जाताना आपण तीन गोष्टींचा त्याग करीत आहोत, असे श्वाइट्झर मानीत होते: ऑर्गनवादन, विद्यापीठातील अध्यापन आणि स्वतःच्या कमाईवर जगण्याचे स्वातंत्र्य. त्यांतला पहिला त्याग त्यांना सर्वांत जड गेला. अशा वेळी बाख सोसायटीने त्यांना निरोपाची भेट म्हणून एक पियानो दिला. त्याला ऑर्गनप्रमाणे पायपट्ट्या जोडलेल्या होत्या, आणि उष्ण कटिबंधातील दमट हवेत टिकावा म्हणून त्याच्या पेटीला जस्ताचे अस्तर दिले होते.

२६ मार्च १९१३ रोजी बोर्दो बंदरातून ते आणि त्यांच्या पत्नी हेलेन यांनी प्रयाण केले आणि १६ एप्रिलला ते लांबारेने येथे पोहोचले. हे ठिकाण आजच्या गॅबन देशात, ओगोवे नदीच्या काठी, जवळजवळ विषुववृत्तावर आहे. पियानो मागाहून एका प्रचंड वृक्षाच्या खोडातून कोरलेल्या होडीतून आला. रोगी तपासावयास जागा नव्हती. म्हणून कोंबड्यांचे जुने खुराडे साफ करून, आत चुना फासून, तेथे दवाखाना थाटला. हिवताप, आमांश, महारोग, निद्रारोग, चिघळलेल्या जखमा, अडकलेला अंतर्गळ असे नाना व्याधींनी गांजलेले लोक होड्यांतून येऊ लागले. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी आले. जोसेफ अझोवानी हा पूर्वी स्वयंपाकी असलेला तद्देशीय गृहस्थ दुभाषा आणि साहाय्यक झाला. तो रोग्याचे दुखणारे अवयव मटणाच्या तुकड्यांच्या फ्रेंच नावांनी सांगे. पण त्याच्यावाचून डॉक्टरांचे पानही हलत नसे.

प्रारंभी श्वाइट्झर यांचा विचार असा होता की, संगीत हळूहळू विसरावे. मन आणि बोटे दोन्ही गंजू द्यावीत, म्हणजे त्यागाचे दुःख कमी होईल. परंतु एका संध्याकाळी बाखची एक फ्यूग वाजवीत असता त्यांच्या मनात आले की, या एकान्तातच अभ्यास अधिक सखोल होईल. त्यांनी बाख, मेंडेल्सोन, विदोर, सेझार फ्रांक, माक्स रेगर यांच्या रचना एकेक घेऊन, बारीकसारीक जागांसह मुखोद्गत करण्याचा संकल्प केला. मैफलीची तारीख नाही, श्रोता नाही, घाई नाही. दिवसभर शस्त्रक्रिया आणि रात्री थोडा वेळ पियानो, असा क्रम चालू झाला.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. श्वाइट्झर जन्माने जर्मन प्रजाजन आणि रुग्णालय फ्रेंच वसाहतीत. तेव्हा ते शत्रुपक्षाचे ठरले. १९१७ मध्ये पतिपत्नींना फ्रान्समध्ये नेऊन स्थानबद्ध करण्यात आले. छावणीत वाद्य कोठून असणार? त्यांनी मेजाच्या फळीला हातपट्ट्या मानले, जमिनीला पायपट्ट्या मानले आणि निःशब्द रियाझ चालू ठेवला. १९१८ मध्ये सुटका झाली तेव्हा प्रकृती ढासळलेली होती आणि युद्धकाळात रुग्णालयासाठी पॅरिसमधील मिशन संस्थेकडून व मित्रांकडून घेतलेले कर्ज डोक्यावर होते. लांबारेनेला परत जाण्याचे स्वप्न संपले, असेच कोणासही वाटले असते.

१९२० साली स्वीडनमधील उप्सालाचे आर्चबिशप नाथान सोडरब्लोम यांनी त्यांना व्याख्यानांसाठी बोलाविले. कर्जाची चिंता कानी पडताच त्यांनी सुचविले की, स्वीडनमध्ये गावोगाव ऑर्गनवादन करावे आणि व्याख्याने द्यावीत. तेथील गावांच्या चर्चमध्ये जुने, सुरेल ऑर्गन होते. थोड्याच आठवड्यांत निकडीचे कर्ज फेडण्याइतका पैसा जमा झाला. त्यानंतर स्वित्झर्लंड, इंग्लंड, डेन्मार्क, स्पेन असे दौरे झाले आणि १९२४ मध्ये ते पुन्हा लांबारेनेला गेले. जी कला सोडून ते आफ्रिकेस गेले होते, त्याच कलेने त्यांना आफ्रिकेस परत नेले. रिकाम्या मेजावरचा तो रियाझ सोडला असता, तर हे घडले नसते.

ध्वनिमुद्रिकांचे प्रकरण याच्या पुढचे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण प्रचारात आले आणि ऑर्गनचा विशाल नाद तबकडीवर बऱ्यापैकी उतरू लागला. १९२८ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये श्वाइट्झर यांनी काही मुद्रिका दिल्या. परंतु मोठे कार्य झाले ते १९३५ आणि १९३६ मध्ये, कोलंबिया कंपनीसाठी. १९३५ च्या डिसेंबरात लंडनमधील ‘ऑल हॅलोज बाय द टॉवर’ या प्राचीन चर्चमध्ये बाखच्या मोठ्या रचना मुद्रित झाल्या. त्यांत डी मायनरमधील विख्यात टोकाटा आणि फ्यूगही होती. पुढील वर्षी स्ट्रासबर्गच्या सेंट ऑरेली चर्चमध्ये स्तोत्रांवर आधारलेल्या रचना मुद्रित झाल्या. तेथील ऑर्गन मूळचा १७१८ सालचा, आंद्रेआस झिल्बरमान या थोर कारागिराच्या हातचा. या वादनाचे उत्पन्न रुग्णालयासाठी होते.

आजच्या श्रोत्याला त्या कामातील कष्टांची कल्पना येणार नाही. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे. तासभर रंगणारा ख्याल साडेतीन मिनिटांत आटोपताना आपल्या गवयांची काय ओढाताण होई, हे जुने रसिक जाणतात. ऑर्गनवादकाला रचना आखडता येत नसे, कारण ती लिहिलेली. म्हणून ती तोडावी लागे. तबकडीची बाजू संपेल तेथे थांबायचे, आणि पुढल्या बाजूचा प्रारंभ त्याच लयीत, त्याच भारदस्तपणाने करायचा. वादन मेणाच्या जाड तबकडीवर कोरले जात असे. एक सूर चुकला, बाहेर एखादी गाडी खडखडली, तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. चुकीचा भाग कापून बरोबर भाग जोडण्याची सोय तेव्हा नव्हती.

त्यांच्या वादनाची लय संथ. वेगाच्या चमत्कृतीची त्यांना आवड नव्हती. बाखच्या प्रत्येक आवाजाची वाट ऐकणाऱ्याला स्वच्छ दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याहून सफाईदार वादक त्या काळीही होते, आणि ही लय फार मंद आहे असे म्हणणारे टीकाकारही होते. वाद्याच्या निवडीत मात्र त्यांनी कधी तडजोड केली नाही. कारखान्यात बनलेले, वाऱ्याच्या अतिरिक्त दाबाने कर्कश झालेले नवे ऑर्गन त्यांना खपत नसत. १९०६ साली त्यांनी या विषयावर पुस्तिका लिहिली होती, आणि जुने ऑर्गन मोडीत निघू नयेत म्हणून चर्चच्या विश्वस्तांना अगणित पत्रे पाठविली होती. आफ्रिकेत हा म्हातारी माणसे वाचवितो आणि युरोपात म्हातारे ऑर्गन, अशी थट्टा त्यांचे मित्र करीत.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. श्वाइट्झर यांनी श्रोत्याला कधीही असे सांगितले नाही की, रुग्णालय गरिबांचे आहे, तेव्हा वादनातील उणीव पोटात घाला. कारण पवित्र आहे म्हणून जी वस्तू खपते ती एकदा खपते. श्रोता पैसे देतो, मान हलवितो आणि तबकडी कपाटात ठेवून देतो. श्वाइट्झर यांची मुद्रिका विकत घेणाऱ्याला बाख मिळत होता. त्याच्यावर कोणी उपकार लादीत नव्हते आणि त्यालाही आपण भिक्षा घातली असे वाटावयाचे कारण नव्हते. मग या व्यवहारातले दान कोणते? ते वादकाचे. रात्रीरात्रीचा रियाझ, वार्धक्याकडे झुकणारे शरीर, परक्या शहरातल्या थंड चर्चमध्ये बसून केलेले श्रम, आणि त्या सर्वांचा जो मोबदला स्वतःला घेता आला असता तो, हे त्याने दिले. तिकीट काढणारा पैसे देतो. कलावंत आपल्या आयुष्याचा काळ देतो.

लांबारेनेच्या रुग्णालयातही असाच नियम होता. उपचार घेणाऱ्याने किंवा त्याच्या नातलगाने यथाशक्ती काही द्यावे: केळी, अंडी, कोंबडी, नाहीतर रुग्णालयाच्या कामी श्रम. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, असे त्यांचे मत होते. लंडनचा श्रोता आणि ओगोवेकाठचा रोगी, दोघांकडेही त्यांनी याचक म्हणून पाहिले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सज्जनहो, मुद्रिकेचे आणखी एक माहात्म्य काळाने दाखविले. १९३९ च्या फेब्रुवारीत श्वाइट्झर युरोपात आले. युद्ध अटळ आहे हे ओळखून थोड्याच दिवसांत परत फिरले आणि १९४८ पर्यंत लांबारेने सोडून कोठे गेले नाहीत. त्या काळात मैफली नाहीत, दौरे नाहीत. वादक अरण्यात अडकला होता. पण त्याचे वादन ज्यांच्या घरी तबकडीवर होते त्यांच्यापाशी होते. दरम्यान, १९४० च्या डिसेंबरात लंडनवरील बॉम्बवर्षावात ‘ऑल हॅलोज’ चर्च उद्ध्वस्त झाले आणि तो ऑर्गन नष्ट झाला. चर्च पुन्हा उभारले गेले आणि १९५७ मध्ये त्याचे पुनःसमर्पण झाले. पण जुन्या ऑर्गनचा नाद आज ऐकावयाचा तर तो जुन्या तबकड्यांवरच. एका दूरच्या रुग्णालयाच्या मदतीसाठी केलेल्या कामाने लंडनच्या एका वाद्याचा आवाज जतन करून ठेवला.

युद्धानंतर दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या आल्या. १९५१ आणि १९५२ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या-सत्याहत्तराव्या वर्षी, श्वाइट्झर यांनी आपल्या ग्युन्सबाख गावच्या चर्चमध्ये पुन्हा मुद्रण केले. तेथील ऑर्गन १९३२ साली त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधलेला होता. बोटे पूर्वीसारखी चपळ नव्हती. पण मोठ्या रचना आता सलग ऐकता येत होत्या. १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना १९५३ मध्ये जाहीर झाले आणि त्या रकमेचा विनियोग महारोग्यांच्या वसाहतीसाठी झाला.

थोर पुरुषाविषयी बोलताना केवळ आरती ओवाळणे योग्य नव्हे. आफ्रिकी माणसाला भाऊ मानतानाही ते स्वतःकडे थोरल्या भावाचा अधिकार घेत. वसाहतीच्या राज्यात रुजलेली ही वृत्ती १९६० मध्ये गॅबन स्वतंत्र झाला तेव्हा अनेकांना खटकली, आणि ते खटकणे रास्त होते. रुग्णालय जुन्या पद्धतीचे राहिले, आधुनिक सोयी उशिरा आल्या, अशीही टीका झाली. १९३५ मध्ये, म्हणजे लंडनच्या मुद्रणाच्याच वर्षी, त्यांचा भारतीय तत्त्वचिंतनावरील ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय विचार मुख्यतः जीवनाला नकार देणारा आहे असे प्रतिपादन होते. डॉ. राधाकृष्णन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात या मताचे सविस्तर खंडन केले. श्वाइट्झर यांची सर्व मते मान्य करण्याचे कारण नाही. जोसेफसारख्या साहाय्यकांची नावे जगाच्या कानी फारशी पोहोचली नाहीत, हेही विसरता येत नाही. होडी वल्हविणारे, लाकूड तोडणारे, रोग्याची भाषा डॉक्टरांना समजावून सांगणारे हे सारे त्या रुग्णालयाचे दातेच होते.

४ सप्टेंबर १९६५ रोजी श्वाइट्झर यांचे लांबारेने येथे निधन झाले आणि तेथेच त्यांना चिरविश्रांती मिळाली. रुग्णालय मात्र चालू राहिले. १९८१ मध्ये त्याच्यासाठी नवी इमारत उभी राहिली. संस्थापकाच्या मागे संस्था जगते की नाही, हीच सेवाकार्याची खरी कसोटी असते.

आपल्याकडे मदतीचे कार्यक्रम होतात आणि पुढेही होत राहतील. त्यांच्या संयोजकांनी आणि कलावंतांनी या चरित्रातून एवढे घ्यावे की, सत्कार्यासाठी जे सादर करावयाचे ते आपल्याजवळचे सर्वांत उत्तम असावे. देवापुढे ठेवावयाचे फळ आपण निवडून, पुसून ठेवतो. किडलेले फळ ठेवून देव भावाचा भुकेला आहे असे म्हणत नाही. श्रोत्याच्या औदार्यावर विसंबून कलेत कसर करणे हा श्रोत्याचाही अपमान आहे आणि ज्यांच्यासाठी निधी जमवायचा त्यांचाही. आणि ज्या कोणाला कर्तव्यापायी आपली आवडती कला बाजूला ठेवावी लागली असेल, त्याने बोटे गंजू देऊ नयेत. ती कला पुढे केव्हा, कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही.